पावणेतीन तासांचा सोहळा आणि ४.७ जीबीची डिस्क

ठाण्यातल्या चरईच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये झाले. व्हिडिओवाल्याने पेन ड्राइव्हवर एकच फाईल दिली. ती २ तास ४० मिनिटांची, फुल एचडी, आणि विंडोज तिचा आकार २६.८ जीबी दाखवते. आजोबांची भावंडे आणि जुने मित्र मिळून १२ घरांत ती पाठवायची आहे. या घरांत कॉम्प्युटर नाही, डीव्हीडी प्लेअर मात्र आहे. ताईंनी तीन प्रयत्न केले. फाईल झिप केली, पण आकार जवळजवळ तेवढाच राहिला. हँडब्रेक या सॉफ्टवेअरने ४ जीबीची एमपी४ करून डिस्कवर टाकली, तर ती लॅपटॉपवर चालली आणि आत्याआजींच्या प्लेअरने 'नो डिस्क' म्हटले. शेवटी एका ऑनलाइन कन्व्हर्टरने डीव्हीडी तयार केली. ती चालली, पण कॅमेरा फिरला की चित्र अडखळते आणि औक्षणाच्या वेळी चेहऱ्यांवर चौकोन दिसतात. एकाच डिस्कवर हे नीट बसेल का, असे त्या विचारतात.

ताई, बसवता येईल, पण बसवू नका. दोन डिस्क करा. तसे का आणि दोन डिस्क कशा करायच्या, ते सगळे सांगतो. ठाण्यात मी शूटिंग आणि एडिटिंगचे काम व्हीसीडीच्या दिवसांपासून करतो आहे. डिस्कवर जागा पुरत नाही हे तेव्हापासूनचे दुखणे आहे, आणि त्यावरचा उपाय दरवेळी हिशेबातूनच निघाला आहे.

आधी आकाराचा घोळ मिटवू. डिस्कच्या पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेले असते ते ४७० कोटी बाइट. विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून त्याच डिस्कला ते ४.३८ जीबी म्हणते. तुमची २६.८ जीबीची फाईल पाकिटाच्या भाषेत २,८८० कोटी बाइटची आहे. म्हणजे सहा डिस्कहून थोडा जास्तच माल. झिपने फरक पडला नाही याचे कारण साधे आहे. कॅमेऱ्याने आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने तो व्हिडिओ आधीच पिळून काढलेला असतो, झिपला पिळायला काही उरतच नाही. पिळलेला कपडा पुन्हा पिळला तर दोन थेंब निघतील, बादली भरणार नाही.

एमपी४ का चालली नाही? डिस्कवर फाईल ठेवणे वेगळे आणि डीव्हीडी व्हिडिओ बनवणे वेगळे. जुन्या प्लेअरला एकच भाषा कळते: एमपेग-२ चे चित्र, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज बहुधा एसी-३, आणि हे सगळे व्हिडिओ टीएस नावाच्या फोल्डरमध्ये, १ जीबीहून लहान तुकड्यांत. हँडब्रेक चांगले सॉफ्टवेअर आहे, पण ते डीव्हीडी व्हिडिओ बनवतच नाही. एमपी४ टाकलेली डिस्क ही डेटा डिस्क झाली. काही नवे प्लेअर ती वाचतात, पण बारा घरांत बारा वेगळे प्लेअर असताना त्या भरवशावर राहता येत नाही.

ऑनलाइन कन्व्हर्टरवाल्या डिस्कचे अडखळणे मी न बघताही सांगतो, कारण अशा डिस्क माझ्याकडे नेहमी येतात. बरेच कन्व्हर्टर न विचारता अमेरिकन पद्धत धरतात, म्हणजे एनटीएससी: ४८० ओळी आणि सेकंदाला २९.९७ फ्रेम. तुमचे शूटिंग २५ चे. मधल्या पाच फ्रेम कुठून आणणार? दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवल्या जातात. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर कळत नाही, कॅमेरा पाहुण्यांवरून फिरू लागला की लगेच गचके दिसतात. आपल्याकडचे प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. बनवताना पाल निवडा, हा दोष तिथेच संपेल. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेले ३० फ्रेमचे तुकडे मध्ये जोडले असतील तर तेवढे थोडे अडखळतील. त्याला इलाज नाही, पण दोन-चार मिनिटांचे काही वाटणार नाही.

आता चौकोन. इथे थोडा वेळ देतो, कारण तुमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

डिस्कवर काय मावते ते मूळ फाईलच्या आकारावर अवलंबून नसते, मिनिटांवर असते. मूळ फाईल २६ जीबीची असो की ६० ची, डीव्हीडीला फक्त एवढेच ठरवायचे असते की प्रत्येक सेकंदाला किती बिट द्यायचे. मी डिस्क काठोकाठ भरत नाही. लेखन आतून बाहेर जाते, आणि घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये सगळ्यात जास्त चुका बाहेरच्या कडेला होतात. सोहळा शेवटच्या दहा मिनिटांत अडकतो तो बहुतेक वेळा यामुळे. म्हणून ४७० कोटींपैकी ४४० कोटी बाइटच धरायचे. त्याला आठने गुणून साठने भागले की माझ्या टेबलाच्या काचेखाली कित्येक वर्षे असलेला आकडा मिळतो: ५८६. या ५८६ ला व्हिडिओच्या मिनिटांनी भागा, जे येईल तो एकूण बिटरेट, एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दहा लाख बिट.

तुमची १६० मिनिटे. ५८६ भागिले १६०, म्हणजे ३.६६. त्यातून आवाजाचे ०.१९ काढा, चित्र आणि आवाज एकत्र बांधायच्या पॅकिंगसाठी सुमारे दोन टक्के सोडा, चित्राला उरले जेमतेम ३.४. आता दोन डिस्कवर ८०-८० मिनिटे केली तर ५८६ भागिले ८०, म्हणजे ७.३. तेच सगळे वजा करून चित्राला ७ मिळतात. दुपटीहून जास्त. डीव्हीडीची चित्रापुरती कमाल मर्यादाच ९.८ आहे, तेव्हा ७ म्हणजे राजेशाही झाली.

३.४ वाईटच असते असे नाही. स्टँडवर लावलेला कॅमेरा, भरपूर उजेड आणि एकजण भाषण करतोय, असे असेल तर ३.४ मध्ये सुंदर दिसते. पण तुमच्याकडे औक्षण आहे, आणि ८१ दिव्यांचे. हॉलचे दिवे मंद केलेले, ताटातल्या ८१ ज्योती थरथरतायत, त्यांचा उजेड भरजरी साड्यांवर हलतोय, अंधारात कॅमेऱ्याने घेतलेले दाणेदार चित्र. एमपेग-२ चे काम असे चालते: आधीच्या फ्रेममध्ये जे होते ते पुन्हा लिहायचे नाही, बदलले तेवढेच लिहायचे. ज्योती आणि दाणे यांमुळे इथे प्रत्येक फ्रेममध्ये सगळेच बदलते. बिट कमी पडले की तो चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करून बारकावे टाकून देतो, आणि ते चौकोन नेमके आजोबांच्या चेहऱ्यावर दिसतात. सोहळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आणि डिस्कला सगळ्यात जड जाणारा क्षण एकच आहे. म्हणून मी दोन डिस्क म्हणतो.

हे मी एका चुकीतून शिकलो. २००६ मध्ये एका लग्नाचे साडेचार तास एकाच डिस्कवर बसवून दिले. घरच्यांचा आग्रह होता, मीही मान्य केले. ५८६ भागिले २७० करा, २.१७ येते. हळदीच्या प्रसंगात नवरीची आजी तिच्या गालाला हळद लावते, तिथे पिवळ्या रंगाचे ठोकळे तेवढे राहिले. पैठणीचा काठ म्हणजे नुसती पट्टी. वर्षभराने आजी गेल्या, आणि त्या घरचे मूळ कॅसेटवरून नवी डिस्क करून घ्यायला आले. तेव्हा मिनीडीव्ही कॅसेट महाग असायच्या, आम्ही त्यांवर पुढच्या लग्नाचे शूटिंग करत असू. तास तासाच्या पाच कॅसेट होत्या, पाचही पुसून वापरलेल्या. आजींचे हलते-बोलते चित्र जगात तेवढेच होते, आणि ते माझ्या हातून बिघडले होते. त्यानंतर एका डिस्कवर दोन तासांहून जास्त मी कुणालाच दिले नाही, आणि मूळ माल पुसलाही नाही.

तेव्हा तुमची पहिली पायरी डीव्हीडीची नाहीच. पेन ड्राइव्हवरची फाईल आजच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा. पेन ड्राइव्ह सांभाळून ठेवण्याची वस्तू नव्हे. डीव्हीडीही मूळ प्रत नव्हे. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, डीव्हीडीत ४ लाख १४ हजार ७२०, बरोबर एक पंचमांश. उद्या नातवंडे मोठ्या टीव्हीवर बघतील तेव्हा ते चार पंचमांश ठिपके परत आणता येणार नाहीत. मूळ फाईल ५० जीबीच्या ब्ल्यू-रे डिस्कवर जशीच्या तशी मावेल, पण त्याला वेगळा रायटर लागतो, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणे बंद केल्यापासून मी नव्याने कुणाला त्या वाटेने पाठवत नाही. सात डीव्हीडींवर तुकडे करून ठेवण्याचा विचार असेल तर ते रार किंवा सेव्हन-झिप या झिपसारख्या सॉफ्टवेअरचे भाग करून करू नका. एक डिस्क गेली की सातही गेल्या. पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने न पिळता, व्हिडिओच कापून सात फायली करा, प्रत्येक स्वतंत्र चालली पाहिजे. त्या राइट करताना डिस्कवर फायली मांडायची यूडीएफ पद्धत निवडा, जुनी आयएसओ पद्धत ४ जीबीवरची फाईल घेत नाही.

आता बनवण्याकडे. सोहळा कुठे तोडायचा ते घड्याळाने ठरवू नका, प्रसंगाने ठरवा. पूजा, होम आणि औक्षण पहिल्या डिस्कवर, भाषणे, सत्कार आणि गाणी दुसऱ्यावर, असे साधारण जमेल. पहिली ८५ आणि दुसरी ७५ झाली तरी चालते, ५८६ चा भागाकार प्रत्येकीचा वेगळा करायचा. उलट मी तर औक्षणाची डिस्क छोटी ठेवीन, म्हणजे तिथे जास्त बिट मिळतील. जेवणाच्या पंगतीची लांबलचक दृश्ये थोडी कमी केली तरी कुणाची तक्रार येणार नाही. तरी आपले ताट कॅमेऱ्यात आले का ते काका बघणारच, तेव्हा प्रत्येक चेहरा एकदा राहील एवढे बघा.

सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडीस्टायलर फुकट मिळते आणि तुमच्या कामाला पुरते. त्यात डिस्कचा आकार सांगितला की ते बिटरेट स्वतः काढते. तरी आपला भागाकार हाताशी ठेवा आणि त्याच्या आकड्याशी ताडून बघा. एफएफएमपेग हे कमांड लिहून चालवायचे सॉफ्टवेअर वापरायची सवय असेल तर त्यात पाल डीव्हीडीचे तयार सेटिंग आहे, पण ते चित्राला ६,००० आणि आवाजाला ४४८ केबीपीएस धरते (१,००० केबीपीएस म्हणजे १ एमबीपीएस). तसेच सोडले तर १६० मिनिटांचे ७७४ कोटी बाइट होतात आणि 'डिस्कवर जागा नाही' हा निरोप पुन्हा येतो. असे मोठे झालेले फोल्डर डीव्हीडी श्रिंकने आवळण्याची जुनी पद्धत बरेच जण अजून वापरतात. त्यात एकदा खराब झालेले चित्र दुसऱ्यांदा खराब होते. मूळ फाईल हातात असताना ते कशाला? पुन्हा मुळातूनच बरोबर आकड्याने करा.

बिटरेट बदलता ठेवा आणि दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग निवडा. वेळ दुप्पट लागतो, रात्री लावून झोपा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळा व्हिडिओ नुसता पाहून घेते, कुठे सोपे आहे आणि कुठे अवघड. दुसऱ्या फेरीत भाषणांतले वाचलेले बिट दिव्यांना देते. दोन डिस्क केल्या तरी हे करा. कमाल मात्र ८,००० ते ८,५०० वर थांबवा, नियमात ९,८०० बसत असले तरी. राइट केलेली डिस्क जुन्या प्लेअरला वाचायला मुळातच जड जाते, त्यात एकदम मोठा लोंढा आला की तो दम टाकतो. औक्षणाच्या भागावर हलकेसे नॉइज रिडक्शन लावले तर खूप फायदा होतो, कारण अंधारातले दाणे हेच बिट खात असतात. हलकेसेच. जास्त लावले तर आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो.

फाईल इंटरलेस्ड आहे का, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत साठवली आहे का, तेही व्हिडिओवाल्याला विचारून घ्या. असेल तर फुल एचडीत वरची ओळ आधी असते, आणि सॉफ्टवेअरमध्ये ती उलटी धरली गेली तर हलणाऱ्या हातांच्या कडा मागेपुढे थरथरतात. लॅपटॉपवर हा दोष दिसेलच असे नाही, जुन्या डबा टीव्हीवर तो ठळक दिसतो.

आवाजाबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. काही एडिटिंग सॉफ्टवेअर आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न पिळलेला देतात, १,५३६ केबीपीएस. १६० मिनिटांचा तसा आवाज एकटाच १८४ कोटी बाइट खातो, तुमच्या एका डिस्कची चाळीस टक्के जागा. एसी-३ घ्या आणि १९२ ठेवा, भाषणे आणि हॉलमधली गाणी यांना ते पुरते. पण त्याआधी आवाजाची पातळी सारखी करून घ्या. एक वक्ता माइक तोंडाला लावून बोलतो, दुसरा हातभर लांब धरतो. पाहणारे सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना चित्र थोडे पुसट दिसले तर चालेल, पण धाकट्या भावाने दादांबद्दल काय सांगितले ते ऐकू आलेच पाहिजे.

फिरती चित्रे आणि संगीत असलेला मेनू करू नका. तो जागाही खातो आणि आत्याआजींना अडवतोही. डिस्क टाकली की सोहळा आपोआप सुरू व्हावा, आणि प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला चॅप्टरची खूण असावी, म्हणजे रिमोटचे पुढे जायचे एकच बटण पुरते. पडद्यावर नावे टाकणार असाल तर कडेपासून दहाएक टक्के आत ठेवा. जुने टीव्ही चारी बाजूंनी चित्र कापतात, आणि आडनाव कापलेले कुणालाच आवडत नाही. चित्राचे प्रमाण १६:९ असल्याची नोंद डिस्कमध्ये गेली पाहिजे, नाहीतर सगळी माणसे उंच आणि सडपातळ दिसतील.

दोन थरांची साडेआठ जीबीची डिस्क का नको, हेही सांगून टाकतो. हिशेबाने ती तुमच्यासाठी अगदी बरोबर आहे, साडेसहाच्या आसपास बिटरेट मिळतो आणि डिस्कही एकच. माझ्या अनुभवात जुने प्लेअर तिलाच सगळ्यात जास्त नाकारतात, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना काही क्षण थबकतात. बारापैकी तीन घरी चालली नाही तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू कराल. साधी डीव्हीडी-आर घ्या, प्लस-आर पेक्षा जुन्या प्लेअरना ती जास्त मानवते. कधीकाळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही मोझर बेअरच्या डिस्क मिळायच्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि आता ठाण्यात चांगली कोरी डिस्क शोधावी लागते. सुटी, बिननावाची घेऊ नका. सील असलेली ५० ची बरणी घ्या. चोवीस लागणार, एक-दोन वाया जाणारच.

राइट करण्याआधी तयार फोल्डर व्हीएलसीमध्ये उघडून औक्षण, एखादे भाषण आणि शेवटची पाच मिनिटे बघा. मग एका पुन्हा पुसता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर उतरवून टीव्हीवर बघा. आत्याआजींचा प्लेअर आरडब्ल्यू वाचेल याची खात्री नाही, त्यामुळे तिथे पहिली खरी प्रत घेऊनच जा, आणि ती पूर्ण चालल्याशिवाय बाकीच्या तेवीस करू नका. इमगबर्न या डिस्क राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ८ एक्स ठेवा, डिस्कवर १६ लिहिलेले असले तरी. प्रत्येक डिस्क आठ-दहा मिनिटांत होते. नंतरची पडताळणी चालू राहू द्या, वेळ वाचवायला ती बंद करू नका. लॅपटॉप गरम होतो, चार-पाच डिस्क झाल्या की त्याला थोडी विश्रांती द्या.

वर कागदी स्टिकर चिकटवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्याची कड सुटते, डिस्क फिरताना तोल जातो, आणि प्लेअरमध्ये अडकली तर काढताना तुटते. डिस्कवर लिहायचा मार्कर मिळतो, त्यानेच मधल्या कड्याजवळ लिहा. बॉलपेनने तर मुळीच नको. आजोबांचा फोटो हवा असेल तर तो डबीच्या कव्हरवर छापा. कागदी पाकिटांऐवजी प्लास्टिकच्या डब्या घ्या, दोन डिस्कची एकच डबी मिळते. उन्हात, खिडकीत, टीव्हीच्या डोक्यावर ठेवू नका असे सगळ्यांना सांगा. या डिस्कमधला थर रंगद्रव्याचा असतो आणि तो उन्हाने उतरतो.

प्रत्येक डबीत मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी घाला: पहिल्या डिस्कवर काय आहे, दुसरीवर काय आहे, पुढचा प्रसंग बघायला रिमोटचे कुठले बटण दाबायचे, आणि 'नो डिस्क' आले तर कुणाला फोन करायचा. बाहेरगावी पाठवाल तेव्हा डबी बबलच्या पाकिटात घाला, आणि तुमच्याकडे दोन्ही डिस्कची एकेक जास्तीची प्रत करून ठेवा.